गाठ गेली, मग आणखी तीन डोस कशाला?

सिस्टर, नमस्कार. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. माझे सासरे, आप्पा, वय ६३, त्यांना मधुमेह आहे. गणपतीच्या आधी त्यांच्या मानेला गाठ आली. टीबीची असेल म्हणून गोळ्या चालू केल्या, पण गाठ वाढतच गेली, काखेतही आली. मग मोठ्या दवाखान्यात गाठ काढून तपासली, तेव्हा डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा नावाचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. 'आर-चॉप' नावाची केमो चालू आहे, दर २१ दिवसांनी एक, असे सहा डोस. तीन झाले. आता गाठी हाताला लागत नाहीत, मधला पेट स्कॅनही चांगला आला. पण आप्पांच्या बोटांना मुंग्या येतात, पोट साफ होत नाही, साखर ३०० च्या वर जाते, अंगात त्राण नसतं. ते म्हणतात, "गाठ गेली, आता बास." चुलत सासरे म्हणतात, पाच-पाच औषधं एकदम दिल्यावर माणूस टिकेल कसा? द्यायचंच तर एक द्या, आणि सदाफुलीच्या पानांचा काढा सुरू करा, केमोचं औषध त्याच झाडापासून होतं. त्यात आमच्या उसाला तोड आली आहे, म्हणून चौथा डोस पंधरा-वीस दिवस पुढे ढकलायचं घरात चाललंय. आप्पांना कॅन्सर आहे हे आम्ही सांगितलेलं नाही, गाठीचं औषध आहे एवढंच सांगितलंय. मिस्टर पुण्यात कंपनीत आहेत, सुट्टीला येतात. दवाखान्यात आप्पांबरोबर मीच जाते, पण घरात सुनेचं कोण ऐकतं? काय करू?
एक वाचक, कराड तालुका

ताई, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. उरलेले तिन्ही डोस ठरल्या तारखेला होऊ द्या. पाचांतलं एकही औषध घरच्या घरी वजा करू नका. काढा सुरू करू नका. बोटांच्या मुंग्या, पोट आणि साखर या तीन गोष्टींसाठी मात्र चौथ्या डोसपर्यंत थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. त्यांवर उपाय आहेत. आप्पांनी ते निमूटपणे सोसत बसायचं काही कारण नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आप्पांना गाठीचं औषध म्हणून सांगितलंय, ते वाक्य. मग ताई, आप्पा चुकीचं काय बोलतायत? गाठीसाठी औषध होतं, गाठ गेली, औषध संपलं. कुठलाही शहाणा माणूस असंच म्हणेल. त्यांना जेवढं सांगितलं, तेवढ्यावर त्यांचा हिशेब चोख आहे. हट्टी म्हणून त्यांच्यावर चिडण्याआधी हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात घ्यायला हवं. त्यांना खरं सांगावं लागणार आहे. कसं आणि कधी, ते पुढे लिहिते. पण त्याआधी तुम्हाला स्वतःला सगळं पक्कं ठाऊक हवं, कारण प्रश्न तुम्हालाच विचारले जाणार आहेत.

हाताला लागणारी गाठ म्हणजे आजाराचा दिसणारा भाग. एक सेंटिमीटरच्या, वाटाण्याएवढ्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. समजा औषधांनी त्यातल्या हजारात नऊशे नव्व्याण्णव मारल्या. तरी दहा लाख उरतात. दहा लाख पेशींचा पुंजका एवढा बारीक असतो की बोटाला लागत नाही आणि पेट स्कॅनमध्येही दिसत नाही. स्कॅन चांगला आला याचा अर्थ औषध लागू पडतंय, आणि ही खरोखर आनंदाची बातमी आहे, घरात पेढे वाटावेत अशी. पण ती 'औषध चालू ठेवा' सांगणारी बातमी आहे. अमेरिकेत अलाबामातले शास्त्रज्ञ हॉवर्ड स्किपर यांनी १९६० च्या दशकात उंदरांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, काम करून दाखवलं की केमोचा प्रत्येक डोस पेशींचा ठरावीक हिस्सा मारतो, ठरावीक संख्या नाही. म्हणून एका डोसात सगळ्या संपत नाहीत. पहिले डोस गाठ घालवतात, पुढचे डोस न दिसणाऱ्या पेशींसाठी असतात. आप्पांचे राहिलेले तीन डोस त्या दुसऱ्या कामाचे आहेत.

आणि २१ दिवस का, तर तेवढ्यात अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी तयार करणारा हाडातला गर, सावरते, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पुन्हा भरून येतात, पण लिम्फोमाला डोकं वर काढायला पुरेसा वेळ मिळत नाही. रक्ततपासणीत पेशी कमी दिसल्या तर डॉक्टर स्वतःच डोस पुढे नेतात. ते वैद्यकीय कारण झालं. सणासुदीपायी एखाद-दुसरा दिवस मागेपुढे झाला तरी विचारून चालतं. पण तोडीसाठी पंधरा-वीस दिवस म्हणजे उरलेल्या पेशींना आपण होऊन दिलेली मोकळीक.

गावात कुणी म्हणेल, अमक्याला चारच डोस दिले होते. असू शकतं. पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या, साठीच्या आतल्या, बाकी धोके नसलेल्या काही रुग्णांना कमी डोस पुरतात हे अभ्यासातून सिद्ध झालं आहे. आप्पांची तिसरी स्टेज आहे, वय ६३ आहे. त्यांना तो नियम लागू होत नाही.

आता तुमच्या चुलत सासऱ्यांच्या प्रश्नाकडे वळते, कारण प्रश्न रास्त आहे. एकच औषध का नाही? कारण ते करून झालेलं आहे. १९४२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लिम्फोमाच्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड हे एकच औषध शिरेतून दिलं. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या मस्टर्ड गॅसच्या घराण्यातलं हे रसायन. मानेच्या, छातीच्या गाठी काही दिवसांत विरघळल्या, बघणाऱ्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. पुढे गाठी परत आल्या. पुन्हा औषध दिलं, तेव्हा ते आधीसारखं लागू पडलं नाही, आणि काही महिन्यांतच तो रुग्ण गेला. नंतरची वीस वर्षं हेच होत राहिलं. एकेका औषधाने गाठी जायच्या आणि परत यायच्या, कारण कोट्यवधी पेशींत काही पेशी अशा असतातच, ज्यांच्यावर ते एक औषध चालत नाही. बाकीच्या मरतात आणि त्या वाढतात.

यावरचा तोडगा टीबीच्या उपचारातून सापडला. नुसत्या स्ट्रेप्टोमायसिन या एका औषधाने बरे वाटलेले टीबीचे रुग्ण पुन्हा आजारी पडत, जंतू औषधाला दाद देईनासे होत. दोन-तीन औषधं एकत्र दिली तेव्हा ते थांबलं. आप्पांनी त्या गोळ्या घेतल्या आहेत ना? त्यातही एकाच वेळी चार औषधं असतात. हे त्यांना जरूर सांगा, त्यांना लगेच पटेल. हाच विचार कॅन्सरमध्ये आणला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत व्हिन्सेंट डेव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉजकिन या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोमाच्या रुग्णांना चार औषधं एकत्र दिली आणि १९७० मध्ये निकाल छापला: ४३ रुग्णांपैकी ३५ जणांचा आजार तपासणीत पूर्ण नाहीसा झाला. त्यांतले बरेच जण पुढे कायमचे बरे राहिले. प्रौढांमधला पसरलेला कॅन्सर औषधांनी बरा होऊ शकतो, हे लोकांनी मान्य केलं ते तेव्हापासून.

एकत्र द्यायची औषधं निवडण्यामागे मोठा विचार असतो. प्रत्येकाची मारण्याची रीत वेगळी हवी, आणि प्रत्येकाचा त्रासही शरीराच्या वेगळ्या भागाला व्हायला हवा, म्हणजे सगळी पूर्ण ताकदीने देता येतात. आर-चॉपमध्ये काय आहे ते बघा. सायक्लोफॉस्फामाइड हे त्या नायट्रोजन मस्टर्डचंच सुधारलेलं भावंड, ते पेशीच्या डीएनएचे धागे एकमेकांना जखडून टाकतं. त्याने पांढऱ्या पेशी कमी होतात आणि मूत्राशयाला जळजळ होऊ शकते, म्हणून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी. डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल औषध. प्रेडनिसोलोन म्हणजे पाच दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या, त्या लिम्फोमाच्या पेशींना थेट मारतात आणि अस्थिमज्जेला धक्का लावत नाहीत, पण साखर चढवतात. व्हिन्क्रिस्टिन पेशीचं विभाजन मध्येच थांबवतं. तेही पांढऱ्या पेशींना फारसं बाधत नाही, नसांना बाधतं. आप्पांच्या मुंग्या आणि पोटाची तक्रार बहुधा त्याचीच. पाचवं रिटुक्सिमॅब, त्याच्याबद्दल पुढे.

लाल औषध देताना तुम्ही शेजारी बसला असाल. सिस्टर ते बाटलीतून न सोडता हातात सिरिंज घेऊन हळूहळू देते, मध्येच थांबते, दट्ट्या जरासा मागे ओढून नळीत रक्त येतंय का बघते, पुन्हा देते. हे औषध शिरेच्या बाहेर सांडलं तर कातडी आणि मांस जाळतं. म्हणून सुई टोचलेल्या जागी जराशी आग झाली, फुगलं, तरी आप्पांनी त्याच क्षणी सांगायचं. सहन करून दाखवायची ती जागा नव्हे. माझी सगळी नोकरी केमोच्या डे-केअरमध्ये झाली, आणि गावाकडची वडीलधारी माणसं 'थोडं दुखतंय, चालायचंच' म्हणून गप्प बसतात हे मी फार पाहिलंय. त्यांना आधीच बजावून ठेवा. दिवसभर लघवी लालसर होते, ते रक्त नसतं, घाबरू नका. हे औषध एका मर्यादेपलीकडे हृदयाला जड जातं, म्हणून आधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. सहा डोसांत मिळून ते साधारण ३०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर जातं. धोका ठळकपणे वाढतो तो ४५० च्या पुढे. म्हणजे सहा हा आकडा हृदयाचा विचार करूनही बसवलेला आहे.

औषधांचा मारा वाढवत नेतात, असं काकांना, म्हणजे तुमच्या चुलत सासऱ्यांना, वाटत असेल तर त्यांना हेही सांगा. १९८० च्या दशकात 'चॉप'पेक्षा (म्हणजे आर-चॉपमधलं रिटुक्सिमॅब सोडून बाकीच्या चार औषधांपेक्षा) मोठी, सहा ते आठ औषधांची मिश्रणं निघाली होती. ती जास्त चांगली, असंच सगळ्यांना वाटत होतं. मग जवळजवळ ९०० रुग्णांवर चौघांची समोरासमोर तुलना झाली. १९९३ मध्ये निकाल आला: मोठ्या मिश्रणांनी माणसं जास्त जगली नाहीत, त्रास मात्र जास्त झाला. मोठी मिश्रणं मागे पडली, साधं चॉप टिकलं. आजही टिकून आहे. त्यात एकाच औषधाची भर पडली, ती रिटुक्सिमॅबची. हे लिम्फोमाच्या पेशीवरचं सीडी-२० नावाचं चिन्ह ओळखून तिला पकडतं. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ते ६० ते ८० वर्षांच्या, म्हणजे आप्पांच्याच वयोगटातल्या ३९९ रुग्णांत तपासलं. दोन वर्षांनी नुसत्या चॉपवाल्यांपैकी शंभरात ५७ जण हयात होते, आर-चॉपवाल्यांपैकी ७०. त्रासात मोठी वाढ नव्हती. पाचवं औषध आलं ते असं, स्वतःची किंमत सिद्ध करून.

हे औषध महाग असतं, म्हणून काही घरांत नेमकं तेच गाळायची भाषा होते. तुमच्याकडे तो विचार असेल तर आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आप्पांचं नाव बसतं का विचारा, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज मागा. २००७ पासून भारतीय बनावटीचं रिटुक्सिमॅब मिळतं, ते मूळच्या परदेशी औषधापेक्षा स्वस्त आहे. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत आणि एसटीत सवलत असते, त्याचा दाखला दवाखान्यातून मिळतो.

सदाफुलीबद्दल काकांची माहिती अर्धी खरी आहे. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासूनच मिळतं. म्हणूनच काढा नको. ही गोष्ट कळली कशी, ते ऐका. १९५० च्या दशकात जमैकातून सदाफुलीची पानं कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली, कारण तिथले लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत. नोबलनी पानांचा अर्क उंदरांना टोचला. साखरेवर विशेष परिणाम दिसला नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने मरू लागले. त्यातून नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी व्हिनब्लास्टिन वेगळं काढलं, व्हिन्क्रिस्टिन त्यानंतर सापडलं. म्हणजे या झाडात ताकद आहे, आणि ती ताकद विषाची आहे. पानात डझनांनी वेगवेगळी द्रव्यं असतात. कामाचं द्रव्य इतकं थोडं की ग्रॅमभर मिळवायला पाला टनांच्या हिशेबात लागतो. दवाखान्यात व्हिन्क्रिस्टिन एका वेळी २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, एवढं ते जपून वापरायचं औषध आहे. मग ज्यात किती काय उतरलंय याचा पत्ता नाही असा काढा, ज्यांच्या पांढऱ्या पेशी आधीच खाली आहेत आणि नसा आधीच दुखावल्या आहेत, त्यांना द्यायचा? काकांचा जीव आप्पांवर आहे म्हणून ते सुचवतायत, हे मला कळतं. त्यांना तोडून बोलू नका. डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारू द्या.

आता त्रासांकडे. मुंग्या येतात एवढंच फोनवर सांगू नका. आप्पांना सदऱ्याची बटणं स्वतः लावता येतात का? चालताना पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही, असं होतं का? जमिनीवरून नाणं उचलता येतं का? ही उत्तरं डॉक्टरांना द्या. त्यावरून ते व्हिन्क्रिस्टिनची मात्रा कमी करायची का, थांबवायचं का, ठरवतील. पाचांतलं एक कमी करणं हे असं, तपासून, त्यांच्या हातून व्हायला हवं. पोटासाठीचं पातळ औषध डोसच्या दिवशी रात्रीच सुरू करायचं असतं, पोट अडल्यावर नाही. कोणतं ते लिहून घ्या. पोट फुगलं, उलट्या लागल्या, वायूही सरत नसेल तर दवाखाना गाठा. घरी एनिमा देऊ नका. साखरेसाठी स्टिरॉइडच्या त्या पाच दिवसांत दिवसातून तीन-चारदा ग्लुकोमीटरवर बघून वहीत लिहा, स्टिरॉइडच्या गोळ्या सकाळी न्याहारीनंतर द्या, आणि साखरेचं औषध किती वाढवायचं ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. साखर वाढते म्हणून स्टिरॉइड बंद करायचं नाही.

आणखी एक बघा. आप्पा "आता बास" कोणत्या दिवशी म्हणतात? स्टिरॉइड चालू असताना माणूस तरतरीत असतो, रात्री झोपही लागत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी तो जोर ओसरतो, त्याच सुमाराला पांढऱ्या पेशी खाली जातात, आणि माणूस गळून जातो, कशातच मन लागत नाही. बहुतेक रुग्ण 'नको आता' म्हणतात ते याच आठवड्यात. पंधराव्या-सोळाव्या दिवसानंतर तोच माणूस अंगणात येऊन बसतो, जेवण मागून घेतो. महत्त्वाचं बोलणं त्या दिवसांत करा.

खरं सांगायचं ते तेव्हाच. तुमच्या मिस्टरांना त्यासाठी एक दिवस जास्तीची रजा काढून यायला सांगा, कारण हे सुनेच्या एकटीच्या गळ्यात पडता कामा नये. डॉक्टरांना आधी फोन करून कळवा की आम्ही आप्पांना सांगणार आहोत, तुम्हीही त्यांच्याशी थेट बोला. कॅन्सर म्हटल्यावर ते खचतील ही तुमची भीती मला समजते. पण ताई, केमोच्या खोलीत बसून, डोक्यावरचे केस गेलेले, आजूबाजूला तसेच रुग्ण, हे सगळं बघून त्यांना काहीच कळलं नसेल? बऱ्याचदा रुग्णाला ठाऊक असतं आणि तो घरच्यांसाठी गप्प असतो. म्हणून सुरुवात त्यांना विचारून करा: "आप्पा, तुम्हाला काय वाटतं, हे कशाचं औषध आहे?" मग ते जेवढं विचारतील तेवढं सांगा, पण जे सांगाल ते खरं सांगा. हा रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर आहे, तो पूर्ण बरा होऊ शकणाऱ्या कॅन्सरांपैकी आहे, आणि आर-चॉप पूर्ण घेतलेल्या दहा रुग्णांपैकी सुमारे सहा जण कायमचे बरे होतात. दहाही होत नाहीत, तेही लपवू नका. अर्धं झालेलं काम अर्धंच सोडलं तर काय, हे शेतकऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. खर्चाची काळजी, नातवंडांच्या शिक्षणाचे पैसे आपल्यावर जातायत ही टोचणी त्या 'बास'मागे आहे का, तेही विचारा. पुष्कळदा असते.

सगळं कळल्यावरही ते नको म्हणाले, तर तो त्यांचा अधिकार आहे, आणि तेव्हा डॉक्टरांशी पुन्हा बसून बोलायचं. पण अजून त्यांना तो निर्णय घ्यायची संधीच मिळालेली नाही. त्यांना एवढं मात्र जरूर सांगा की आजार परत आला तर पुढचे उपचार आर-चॉपपेक्षा जड असतात: दवाखान्यात राहून घ्यायची तीव्र केमो, झेपत असेल तर स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण, किंवा कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बाहेर काढून, कॅन्सर ओळखायला शिकवून परत देण्याचा उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलच्या कामातून तयार झालेल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. पण खर्च लाखांत जातो आणि सगळ्यांना तो लागू पडत नाही. बरं होण्याची सगळ्यांत चांगली संधी पहिल्या उपचारात असते, आणि आप्पांचा तो उपचार आत्ता, व्यवस्थित, अर्ध्या वाटेवर आहे.

तोडीचं काम तुमच्या मिस्टरांनी आणि काकांनी वाटून घ्यावं. चिटबॉयला, मुकादमाला घरातली अडचण सांगितली की माणसं सांभाळून घेतात. एरवीही आप्पांनी यंदा फडात जायचंच नाही. उसाच्या पाल्याने हातापायाला बारीक चिरा पडतात, धूळ असते, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना तेवढ्या चिरेतूनही जंतू रक्तात जातात. गोठ्यातलं काम, शेणात हात घालणं, कच्चं दूध, हेही सहावा डोस होऊन पेशी नीट भरेपर्यंत बंद.

काकांना चौथ्या डोसला बरोबर न्या. आप्पांच्या शेजारी दिवसभर बसू द्या. काढ्याचा, पाच औषधांचा प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावा. एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरी येऊन तेच बाकीच्यांना सांगतील, आणि तुमच्या डोक्यावरचा निम्मा भार उतरेल. दवाखान्यात जाणारी, गोळ्या सांभाळणारी, साखर तपासणारी तुम्ही आहात. आप्पांच्या आजाराची घरात सर्वांत जास्त माहिती तुम्हाला आहे, आणि हे तुमच्या मिस्टरांनी सगळ्यांसमोर एकदा बोलून दाखवायला हवं. माझं हे पत्र त्यांना वाचायला द्या.

टीबीच्या गोळ्यांत गेलेल्या दिवसांबद्दल स्वतःला दोष देऊ नका. आपल्याकडे मानेची गाठ बऱ्याचदा टीबीचीच निघते. इतर वाचकांना मात्र सांगते: सुईने पाणी काढून केलेल्या तपासणीवर न थांबता गाठीचा तुकडा किंवा अख्खी गाठ तपासल्याशिवाय महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहू नका.

आता एक गोष्ट आजच करायची. घरात थर्मामीटर आहे का बघा, नसेल तर आणा. डोसनंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला, किंवा नुसती हुडहुडी भरली, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. ताप लपतो आणि संसर्ग वाढत राहतो. रात्री दोन वाजले असले तरी निघायचं. जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्री शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात, हे डॉक्टरांना विचारून आत्ताच ठरवा. गाडी कुणाची, नंबर कुणाचा, तेही ठरवून ठेवा. फाइल पिशवीत दाराजवळ असू द्या. आणि तिथे पोहोचल्यावर रांगेत न थांबता पहिलं वाक्य हेच बोला: "केमो चालू आहे, ताप आलाय, पांढऱ्या पेशी कमी असतील, आधी रक्ताची सीबीसी तपासणी करा आणि अँटिबायोटिक लावा."